वकीलीणबाईचा पंख

खुराड्याचं दार उघडलं की वकीलीणबाई आधी नुसतं डोकं बाहेर काढायची, मान तिरकी करून इकडेतिकडे बघायची आणि मग कोर्टात शिरावं तशा थाटात अंगणात उतरायची. अंगानं काळी कुळकुळीत आणि गळ्याशी तेवढा पांढऱ्या पिसांचा पट्टा, म्हणून तिला हे नाव पडलं होतं. घरात आणखी दोन तपकिरी कोंबड्या होत्या, पण त्या गरीब बिचाऱ्या. दाणे टिपावेत, धुळीत लोळावं, अंडं घालावं आणि गप्प बसावं, एवढाच त्यांचा संसार. वकीलीणबाईला मात्र जाळीच्या आत काय आहे यापेक्षा बाहेर काय चाललंय याचीच उठाठेव फार.

तिघीही या घरच्या लेकीकडून आल्या होत्या. मुलगी आणि जावई चौथ्या मजल्यावरच्या घरात राहायला गेले, तिथे कोंबड्या कुठे ठेवणार? म्हणून मोठ्या खोक्यात भोकं पाडून तिनं त्या आईबापांकडे पाठवून दिल्या. "आई, काळीकडे लक्ष ठेव गं, ती उडते," असं फोनवर सांगितलंही होतं. आईनं ते हसण्यावारी नेलं. कोंबडी ती कोंबडी, उडून उडून जाणार कुठे?

कुठे जाणार हे पहिल्याच आठवड्यात कळलं. वकीलीणबाई खुराड्याच्या पत्र्यावर चढली, तिथून जाळीच्या कोपऱ्यातल्या खांबावर, आणि तिथून पंख फडफडवत थेट शेजारच्या पोस्टमनच्या टोमॅटोच्या वाफ्यात.

हे अंगण ज्याचं, त्याला गावात सगळे मखमल म्हणत. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं छोटंसं सलून होतं. भिंतीला एक लांबलचक आरसा, दोन खुर्च्या, गिऱ्हाइकांना बसायला एक बाक आणि खिडकीत रेडिओ. तरुणपणी त्याच्याकडे दाढी करून उठलेल्या कुणा गिऱ्हाइकानं गालावरून हात फिरवत म्हटलं होतं, "हा हात आहे की मखमल?" तेव्हापासून तेच नाव चिकटलं. आता साठीला टेकला तरी त्याच्या वस्तऱ्याची तारीफ ऐकून लोक पलीकडच्या वस्तीतून यायचे. माणूस तसा कमी बोलणारा. बोलण्याचं खातं घरी बायकोकडे आणि दुकानात रेडिओकडे. पण काम असं नेटकं, की केस कापून झाल्यावर तो जमीन झाडायचा तेसुद्धा कडेकडेनं, ओळीत.

असा हा माणूस त्या वर्षी संध्याकाळी घरी आला की पक्कड, तार आणि सुतळी घेऊन अंगणात उतरू लागला.

आधी त्यानं खुराडं जाळीपासून लांब सरकवलं. वकीलीणबाईनं पाण्याच्या पिंपाचा आधार शोधला. त्यानं पिंप हलवलं. मग पेरूची खाली झुकलेली फांदी तिच्या उपयोगी पडली. त्यानं फांदी तोडली. मग जाळीवर आणखी हातभर जाळी चढवली, ती खांबांना तारेनं बांधली. दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी बायको भांडी विसळायला मागे आली तर तार सुटून जाळीचा कोपरा लोंबत होता आणि वकीलीणबाई पोस्टमनच्या वाफ्यात पाय झाडत होती.

"अहो, बांधलं होतंत की नुसतं अडकवलं होतंत?" बायकोनं संध्याकाळी विचारलं.

"बांधलं होतं."

"मग सुटलं कसं?"

"वाऱ्यानं."

"वारा कुठे होता? पानसुद्धा हललं नाही दिवसभर."

मखमल पक्कड घेऊन पुन्हा त्याच कोपऱ्याशी गेला आणि बायकोकडे पाठ करून उभा राहिला. तारेचं टोक दुसऱ्या टोकावर धरायचं आणि पीळ द्यायचा, लहान पोरानंही करावं असं काम. पण उजवा हात टोकावर ठरायचाच नाही. पक्कड तारेशी लागली की टकटक टकटक वाजायला लागायची. मग तो डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरायचा, कसाबसा एखादा वेढा द्यायचा आणि झालं असं समजून उठायचा. सुतळीच्या गाठींचं तेच. त्याच्या गाठी आता गाठी राहिल्या नव्हत्या, नुसते गुंते झाले होते. वकीलीणबाई चोचीनं दोनदा ओढायची की ते मोकळे.

हे त्यानं कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

सुरुवात दुकानात झाली होती. एका शिक्षकाची दाढी करताना कानाखाली वस्तरा टेकवला आणि हाताला बारीकशी लहर आली, पाण्यावर यावी तशी. टिपूसभर रक्त आलं. शिक्षक हसून म्हणाला, "मखमलला आज काटे फुटले की काय!" मखमलही हसला, तुरटी लावली, चूक झाली म्हणाला. इतक्या वर्षांत असं कधीतरी व्हायचंच. पण काही दिवसांनी पुन्हा झालं. मग त्याच्या लक्षात आलं की चहाचा कप ओठांशी नेताना बशीत सांडतोय, शर्टाचं गळ्याजवळचं बटण लागता लागत नाहीये. रात्री झोप मोडल्यामुळे असेल, चहा जास्त होतो म्हणून असेल, थंडी म्हणून असेल, अशा सबबी तो स्वतःलाच देत राहिला. स्वतःची दाढी करणं त्यानं सोडून दिलं. बायको म्हणाली, "सलूनवाल्यालाच खुंट वाढलेले बघून गिऱ्हाईक दारातून परत जाईल." तो म्हणाला, "आता हीच फॅशन आहे." फॅशन हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकल्यामुळे ती बराच वेळ हसत बसली होती.

मग त्यानं दुकानातही दाढी बंद केली. कुणी विचारलं की सांगायचा, "पाठ धरलीये. वाकवत नाही." केस उभ्यानं कापता येतात, दाढीला वाकावं लागतं. ऐकणाऱ्याला पटायचं. लोक हळहळायचे आणि समोरच्या नव्या सलूनमध्ये जायचे. एक पोस्टमन तेवढा हळहळला नाही.

पोस्टमन म्हणजे शेजारी. नोकरीतून सुटून काही वर्षं झाली होती तरी सगळे त्याला पोस्टमनच म्हणत. मखमलपेक्षा चार वर्षांनी मोठा, म्हणून मखमल त्याला दादा म्हणायचा. त्याची बायको गेल्यापासून घरात तो एकटा. दिवसाआड सकाळी दुकान उघडताना तो दारात हजर असायचा. खुर्चीत बसायचा, मान मागे टाकायचा, डोळे मिटायचा आणि फेस लावून होईपर्यंत अख्ख्या गल्लीची खबरबात सांगून टाकायचा. वस्तरा गळ्याशी आला की गप्प. कधी कधी तर चक्क डुलकी लागायची त्याला. असा माणूस जेव्हा ऐकतो की "दादा, दाढी बंद केली, पाठ दुखते," तेव्हा त्याचं काय होतं? त्या दिवशी तो बाकावर थोडा वेळ बसला, रेडिओ ऐकला आणि उठून गेला. समोरच्या सलूनमध्ये एकदा गेला, तर गालावर पुरळ उठलं. मग घरीच जुन्या आरशात बघून ओढाताण करू लागला.

आणि तोच पोस्टमन रोज संध्याकाळी आपल्या मागच्या पायरीवर बसून काय बघत होता? तर पाठ धरलेला मखमल ओणवा होऊन जाळीखाली विटा रचतोय. पाठ धरलेला मखमल पिंप ढकलतोय. पाठ धरलेला मखमल पेरूची फांदी कापून खांद्यावरून नेतोय.

बायकोचं म्हणणं वेगळंच होतं. तिला या सगळ्या खटाटोपाचा अर्थच लागत नव्हता. "अहो, एका बाजूच्या पंखाची लांब पिसं तेवढी कापायची. अंडी विकणारीसुद्धा सांगत होती. कोंबडीला कळतही नाही. एक पंख लांब, एक आखूड, की तोल जातो, उडताच येत नाही. तुम्ही जन्मभर कात्री चालवलीत, तुम्हाला काय अवघड आहे त्यात?"

"पिसं कापली की अंडी बंद होतात."

"कुणी सांगितलं?"

"ऐकलंय."

तिनं अंडीवालीला विचारलं. अंडीवाली एवढी हसली की तिच्या टोपलीतली अंडी खुळखुळली. पुढच्या वेळी मखमल म्हणाला, कात्रीला धार नाही. मग म्हणाला, दुकानाची कात्री कोंबडीला लावायची नाही, केस कापायची असते ती. मग म्हणाला, सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा बघू. सोमवार आला की त्याला दुकानातला आरसा पुसायची आठवण व्हायची.

"आळशी झालात," बायको म्हणाली. "पूर्वी असे नव्हतात. हात लावला त्याचं सोनं करायचात. आणि आता ही जाळी बघा, कुणी गाठोडं बांधल्यासारखी." ती सहज बोलून गेली. तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की तो कुणाला लागतोय हे ती बघायची नाही, आणि मनातही ठेवायची नाही. मखमल मात्र त्या रात्री जेवता जेवता थांबला आणि हात मांडीखाली दाबून बसला.

एके दिवशी दुपारी सगळं हाताबाहेर गेलं. पोस्टमननं टोमॅटोची नवी रोपं लावली होती. बी पेरून, खिडकीत डब्यांमधून वाढवून, एकेक रोप काडीला बांधून लावलेली. तो बाजारात गेला आणि परत येईपर्यंत वकीलीणबाईनं त्या भुसभुशीत मातीत मनसोक्त अंघोळ करून घेतली. अर्धी रोपं उपटून पडली, उरलेल्यांची पानं फाटली. वकीलीणबाई वाफ्याच्या मधोमध पंख पसरून, डोळे अर्धे मिटून, उन्हात पहुडली होती.

संध्याकाळी मखमल घरी आला तेव्हा पोस्टमन दोन्ही घरांमधल्या कुंपणाशी उभाच होता. हातात मेलेल्या रोपांची जुडी.

"ये. बघ."

"दादा, चूक झाली. मी आजच वरून जाळी घालतो. नवी रोपं आणून देतो."

"रोपं नकोत मला."

"नाही, खरंच आणतो. उद्याच."

"रोपं नकोत म्हटलं ना!" पोस्टमनचा आवाज चढला. मागच्या दारात बायको येऊन उभी राहिली. "मला एक सांग. पाठ दुखते ना तुझी?"

मखमलनं उजवा हात खिशात घातला.

"रोज बघतोय मी. वाकतोस, खणतोस, विटा उचलतोस. कोंबडीसाठी वाकता येतं. माणसासाठी नाही. एवढी वर्षं तुझ्या खुर्चीत बसलो, कधी उष्टावलेला कप तरी मागे ठेवून गेलो का रे? नकोसा झालो असेन तर तोंडावर सांगायचं होतंस. पाठीचं कशाला सांगितलंस?"

"तसं नाही हो, दादा."

"मग कसं?"

मखमलच्या तोंडाशी आलं होतं. उजवा हात खिशात होता, तो बाहेर काढून दाखवायचा, की झालं. पण त्याच्या डोळ्यांपुढे दुकान आलं, समोरच्या सलूनमधली गर्दी आली, आणि तो म्हणाला, "कधी दुखते, कधी नाही दुखत."

पोस्टमननं जुडी कुंपणावरून टाकली नाही, फेकली नाही. नीट खांबाशी ठेवली आणि आत निघून गेला. त्या ठेवण्याचंच मखमलला जास्त लागलं.

तो वळला तर बायको समोर. "पाठ दुखते? कधीपासून? मला कसं नाही सांगितलंत?"

"दुखत नाही."

"मग त्यांना का सांगितलंत दुखते म्हणून?"

मखमलनं खांबाशी ठेवलेली जुडी उचलली. ती त्याच्याकडे बघत राहिली. नेहमी एका श्वासात चार प्रश्न विचारणारी बाई, त्या दिवशी तिनं पाचवा विचारलाच नाही. आत गेली, आणि स्वयंपाकघरातून बराच वेळ भांड्यांचा आवाजही आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. सकाळी मखमल अंघोळ करून बाहेर आला तर मागच्या पायरीवर बायको बसलेली. जुन्या टॉवेलात गुंडाळलेली वकीलीणबाई तिच्या काखेत, फक्त डोकं बाहेर. शेजारी त्याची दुकानातली कात्री. तिनं त्याच्या पिशवीतून काढून आणली होती.

"बसा. आज सबब नको. तुमच्यापायी त्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं काल."

"अगं, संध्याकाळी..."

"आत्ता. मी धरते, तुम्ही कापा."

तो बसला. तिनं कोंबडी त्याच्या मांडीवर तिरकी ठेवली, टॉवेलातून डावा पंख मोकळा केला आणि पंख्यासारखा पसरून धरला. काळी, चकचकीत, लांब पिसं. वकीलीणबाईचं काळीज टॉवेलाच्या आत धडधडत होतं, ते मखमलला मांडीवर जाणवत होतं. पिसं कुठून कापायची हे त्याला नीट ठाऊक होतं. वरच्या आखूड पिसांची ओळ सोडून, त्यांच्या खालून. आणि ज्या पिसाची नळी अजून गडद असेल, म्हणजे नुकतं नवं आलेलं असेल, त्याला हात लावायचा नाही, कारण त्यात रक्त असतं. वकीलीणबाईची पिसं नुकतीच झडून नवी येत होती. दोन नळ्या गडद होत्या. त्याला दिसत होत्या.

पहिलं पीस कापलं गेलं. दुसरं गेलं. कात्रीची टोकाकडची पाती एकमेकांवर किटकिट वाजायला लागली. त्यानं कोपर मांडीला टेकवलं. तिसरं गेलं. चौथ्याला त्यानं श्वास रोखला, आणि नेमका तेव्हाच हात उडाला. कात्री एक बोट वर सरकली आणि गडद नळीवर मिटली.

वकीलीणबाई अशी किंचाळली की आतल्या दोघी कोंबड्या खुराड्यात पळाल्या. नळीतून रक्ताची धार लागली. थेंब नव्हे, धार. टॉवेलावर, त्याच्या पायजम्यावर, पायरीवर. बायकोनं कोंबडी घट्ट धरून ठेवली, पण ती रक्ताकडे बघत नव्हती. ती कात्रीकडे बघत होती. कात्री अजून त्याच्या हातात होती आणि हवेतल्या हवेत किटकिट करत होती.

"तुरटी," मखमल म्हणाला. "न्हाणीघरात. फळीवर. पळ."

ती कोंबडी त्याच्या छातीशी देऊन धावली. ओली तुरटी घेऊन आली. त्यानं ती डाव्या हातात घेतली, नळीच्या तोंडावर दाबून धरली आणि उजवा हात कोंबडीच्या अंगाखाली घातला. तिच्या वजनाखाली तो जरा शांत झाला. रक्त थांबायला बराच वेळ लागला. वकीलीणबाईनं डोळे मिटले तेव्हा मेली की काय असं वाटून बायकोनं तिच्या चोचीशी बोट नेलं. तिनं ते चावलं.

"जिवंत आहे," बायको म्हणाली. आणि मग, तशाच आवाजात, "केव्हापासून?"

"थंडीपासून."

"म्हणजे वाऱ्यानं सुटत नव्हतं ते."

"नाही."

"आणि दाढी बंद केलीत ती..."

"हो."

ती खाली त्याच्या शेजारी बसली. तिला राग आला होता आणि भीतीही वाटत होती, आणि आधी कशाला तोंड फोडावं हे तिचं तिलाच कळत नव्हतं. राग आधी बाहेर पडला. "मी तुम्हाला आळशी म्हणत होते. उठता बसता म्हणत होते. आणि तुम्ही ऐकून घेत होतात? तोंड शिवलं होतं का तुमचं? आळशी म्हटलेलं चाललं, पण हात हलतो हे सांगायला लाज वाटली?"

"आळस गेला असता कधीतरी," मखमल म्हणाला. "हे जाईल की नाही, माहीत नाही."

त्यावर ती रडली. पदरानं नाक पुसलं आणि त्याच्या हातातून कात्री काढून घेतली. "कुठून कापायचं, दाखवा."

तो बोटानं दाखवत गेला, ती कापत गेली. तिची कात्री कच्च कच्च आवाज करत वाकडीतिकडी चालली. त्याला ते बघवत नव्हतं, पण रक्ताचा एक थेंबही आला नाही.

त्या दिवसापासून वकीलीणबाई जाळीआड राहिली. दोन-तीनदा तिनं खुराड्यावरून झेप घेऊन पाहिली, पण उजवीकडे वर आणि डावीकडे खाली असं होऊन ती भेलकांडत जमिनीवर यायची, उठून पिसं झटकायची आणि आपण मुद्दामच इथे उतरलो असा चेहरा करायची. एरवी बायको हसून हसून बेजार झाली असती. आता तिला हसू येत नव्हतं. कुंपणाचा प्रश्न सुटला होता, आणि त्याच्या आडून दुसराच समोर येऊन उभा राहिला होता.

बायको म्हणाली, दुकान बंद करा. तो म्हणाला, केस तर कापतोय ना, केसांना काय होतं? दोघांचं त्यावरून वाजलं. शेवटी ती म्हणाली, "बरं. मी येऊन बघते." आणि खरंच जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली, रिकाम्या खुर्चीत बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती कधी त्या खुर्चीत बसली नव्हती. पाय जमिनीला टेकत नव्हते.

एक दुकानदार केस कापायला आला होता. मखमलनं मागून सुरुवात केली, फणीवर केस उचलले, कात्री चालवली. ठीक चाललं. मग कानाजवळ आला. दुकानदार वर्तमानपत्र वाचत होता. कात्रीचं टोक कानाच्या पाळीपासून किती अंतरावर आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. मखमलनं आरशात पाहिलं. आरशात बायको होती. तिनं ओठ दातांखाली घट्ट धरला होता आणि खुर्चीचा हात दोन्ही हातांनी पकडला होता, बस वळणावर जोरात वळावी तेव्हा माणूस पुढची सीट धरतो तसा.

मखमलनं कात्री फळीवर ठेवली. ड्रॉवरमधून मशीन काढलं. "आता मशीननं करतो," तो दुकानदाराला म्हणाला. "हात जरा हलतो माझा हल्ली."

दुकानदारानं वर्तमानपत्रातून मान वर केली. "हो का? डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवणार आहे."

एवढंच. आभाळ कोसळलं नाही. दुकानदार केस कापून घेऊन गेला. मखमलनं कापलेले केस झाडून कडेला केले. तो बाकावर बसला. बायकोनं डबा उघडला आणि दोघांनी जेवून घेतलं.

घरी जाताना तो आपल्या फाटकाशी थांबला नाही, पुढे गेला. पोस्टमनच्या दारावर त्यानं टकटक केली. दार उघडलं. पोस्टमनच्या हनुवटीवर अर्धवट राहिलेले खुंट होते आणि जबड्याशी कागदाचा कपटा चिकटवलेला होता.

"रोपं आणलीस का? नकोत म्हणून सांगितलं होतं."

"रोपं नाही आणली." मखमलनं उजवा हात पुढे केला, तळवा खाली करून, दोघांच्या मधे. तो हलत होता. बोलायची गरजच पडली नाही. तरी तो बोलला. "पाठ चांगली आहे, दादा. हे आहे."

पोस्टमननं हाताकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुन्हा लावला. "कधीपासून?"

"थंडीपासून."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही मान मागे टाकायचात आणि डोळे मिटायचात. कधी कधी झोपायचात. हातात वस्तरा घेऊन मी उभा, आणि तुम्ही घोरताय. मला ते बघवेना."

पोस्टमनला हे ऐकून बरं वाटलं का? नाही. तो आणखीच चिडला. "म्हणजे इतके महिने मी तुझ्यावर राग धरून बसलो, तो फुकट? मला वाटलं म्हातारा बडबड्या नको झाला याला. रोज तेच डोक्यात. झोप नाही." तो दारातून बाजूला झाला नाही, आत ये म्हणाला नाही. मखमल जायला वळला तेव्हा मागून म्हणाला, "एकटा जाऊ नकोस डॉक्टरकडे. मला त्या मोठ्या दवाखान्यातल्या खिडक्या सगळ्या माहितीयेत. टपाल टाकलंय तिथे जन्मभर."

तिघंही गेले. डॉक्टरीणबाईनं त्याला बोटं मिटायला, उघडायला लावली, सरळ रेषेत चालायला लावलं, आणि एका कागदावर गोल गोल फिरत बाहेर जाणारी रेघ काढायला सांगितली. त्यानं काढली. रेघ दातेरी करवतीसारखी आली. या आजाराला कंपवात म्हणतात असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं. गोळ्यांनी थोडा आवरेल, जाणार नाही. पुढे काय होईल हे एकेकाचं वेगळं असतं. बायकोनं विचारलं, "वस्तरा?" डॉक्टरीणबाईनं नुसती नकारार्थी मान हलवली.

गोळ्यांनी फरक पडला. कप आता बशीत सांडत नव्हता. पण दिवसाच्या कुठल्या वेळी हात ऐकेल आणि कुठल्या वेळी नाही, याचा भरवसा नव्हता. काही महिने त्यानं मशीनवर दुकान चालवलं. जुनी गिऱ्हाइकं आली, मुद्दाम आली, आणि मशीनच्या खाली मान अंमळ जास्तच ताठ धरून बसू लागली. ते त्याला कळायचं. पावसाळा सरता सरता त्यानं दुकान सोडलं. आपणहून सोडलं, कुणी सांगायच्या आत, एवढं समाधान त्याला मिळालं. फार नव्हतं ते, पण होतं.

पोस्टमन आणि तो आता कुंपणाशी उभे राहून बोलत. पूर्वीसारखं नाही. खुर्चीत डोळे मिटून जे बोललं जायचं, ते समोरासमोर उभं राहून बोलता येत नव्हतं. हवापाणी, टोमॅटो, गुडघे, एवढंच.

दुकानाच्या जागी एका बाईनं झेरॉक्सचं मशीन टाकलं. आरसा तिनं काढून टाकला, एक खुर्ची मात्र ठेवली, आलेल्या माणसाला बसायला बरी म्हणून. मखमल बाजारात गेला की कधीमधी ती त्याला हाक मारायची, "काका, टेका जरा." तो पिशवी खाली ठेवून बसायचा. एका दुपारी तिथे रांगेत एक तरुण माणूस कागद घेऊन पाठमोरा उभा होता. नुकतेच केस कापून आला असावा. मानेवरची रेषा डावीकडे खाली उतरली होती, आणि कानामागे एक बट तशीच राहून गेली होती. मखमल तिकडे बघत राहिला. मध्येच नजर वळवून त्यानं रस्त्यावर पाहिलं, पुन्हा मानेकडे पाहिलं. माणसाचा नंबर आला, कागद निघाले, तो जायला वळला.

"दादा," मखमल म्हणाला, "मागून जरा तिरकं राहिलंय. जाता जाता सरळ करून घ्या."

माणसानं मानेवरून हात फिरवला. "हो का? कुठे जाऊ?"

"समोरच जा," मखमल म्हणाला. "बरं करतो तो." आणि पिशवी उचलून तो घरी निघाला.